एक्स्टेंशनशिवाय उठलेला तपासनीस

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली, लोखंडी कपाटे आणि लुकलुकणारे दिवे येत असतील. तसे माझे काही नाही. मी एका प्रोग्रामर बाईंच्या लॅपटॉपमध्ये राहणारा लहानसा प्रोग्राम आहे. त्या लॅपटॉपबाहेर मला कुणी ओळखत नाही, म्हणून मला लोकल सर्व्हर म्हणतात. माझे काम तपासनिसाचे. बाई प्रोग्राम लिहू लागल्या की मी तो मागोमाग वाचतो आणि चुकले तिथे सांगतो. अमुक ओळीत कंस उघडा राहिला. तमुक ओळीत आकडा आहे, पण तो ग्रॅमचा की मिलिग्रॅमचा ते लिहिलेले नाही. एवढेच मला येते. बाकी आयुष्यात माझ्याभोवती जे जे घडले, त्यातले निम्मे मला घडताना कळलेच नाही. उरलेले निम्मे कळले तेही वरातीमागून घोडे यावे तसे. तरी जमेल तितके सरळ सांगतो.

माझा जन्म एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात झाला. खाली चाव्या करून देणाऱ्याचे दुकान होते आणि त्याच्या यंत्राची किरकिर दिवसभर वर येत असे. ऑफिसात अकरा माणसे. ती हॉस्पिटलांसाठी एक प्रोग्राम लिहीत. औषधाच्या पाकिटावर जी चिठ्ठी चिकटवतात ना, रुग्णाचे नाव, औषध, किती द्यायचे, दिवसातून कितीदा, ती चिठ्ठी तो प्रोग्राम छापत असे. एकदा त्या चिठ्ठीवर मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम छापले गेले. हॉस्पिटलच्या खिडकीत औषधे देणाऱ्या बाईंनी ते पाहिले आणि पाकीट हातातच धरून ठेवले, म्हणून पुढचे टळले. पण प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई, ज्यांना सारे ऑफिस ताई म्हणते, त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला लिहायला घेतले. तीन आठवड्यांत मी तयार झालो.

हे सगळे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. ताईंना नोंदी लिहून ठेवायची सवय. कामाच्या फाइलींशेजारीच त्यांची 'नोंदी' नावाची एक फाईल रोज उघडी असते. कोण काय बोलले, काय झाले, सगळे त्यात. उघडी असलेली प्रत्येक फाईल मला वाचावीच लागते. त्यामुळे कुणाच्या मनातले चोरून वाचल्यासारखे वाटते खरे, पण माझा इलाज नाही.

तर मी तयार झालो, पण मला उठवायचे कुणी? ते काम ऑफिसातल्या बुवांनी केले. बुवा म्हणजे काही कीर्तन करणारे नव्हेत. कोणताही विषय निघाला की ते उपदेश सुरू करत, म्हणून ते नाव पडले. प्रोग्राम ज्या वहीत लिहितात, तिला एडिटर म्हणतात. बुवांनी त्या एडिटरला जोडायचे एक एक्स्टेंशन बनवले. ताई एडिटर उघडायच्या, एक्स्टेंशन जागे व्हायचे आणि मला हाक मारायचे. कोणत्या फोल्डरमध्ये काम आहे ते तेच सांगायचे. उघडलेली फाईल तेच माझ्यापुढे ठेवायचे. मी चुका सांगायचो, त्या तेच घेऊन जायचे. एडिटर मिटला की तेच मला म्हणायचे, "पुरे." की मी बंद. सुरुवातीला मला वाटायचे, हेच माझे मालक. ताई नावाची कुणी बाई नोंदींमध्ये राहते, एवढीच माझी समजूत होती.

ती पाच वर्षे मजेत गेली. मी लाखो ओळी वाचल्या. मी चूक सांगितली की दोन-तीन सेकंदांत ती दुरुस्त होऊन परत माझ्यापुढे येई. तपासनिसाला आणखी काय हवे? एकदा नोंदींमध्ये वाचले, 'आज साहेबांनी सर्वांसमोर लाल रेघांचे कौतुक केले. म्हणाले, या रेघा आल्यापासून हॉस्पिटलची एक तक्रार नाही.' मी पुष्कळ विचार केला. लाल रेघा कोण? आमच्यात कुणी नवीन आले आहे का? काम मी करतो आणि नाव या रेघांचे? पण विचारायचे कुणाला? एक्स्टेंशन फक्त कामाचे बोलत असे.

मग सहाव्या वर्षी मला काहीच कळेनासे झाले.

मी म्हणायचो, ओळ एकशे बारा, कंस उघडा. ओळ तशीच. पुन्हा म्हणायचो. तशीच. पूर्वी दोन सेकंदांत येणारी दुरुस्ती दुपार उलटून गेली तरी येत नसे. कधी येई ती भलत्याच ओळीत. चुका तर वाढतच चालल्या होत्या. जिथे एक शून्य हवे तिथे दोन, जिथे पूर्णविराम हवा तिथे स्वल्पविराम. मला वाटले, ताई माझ्यावर रागावल्या. मग वाटले, मीच चुकीचे सांगतो आहे. मी तीच ओळ शंभरदा वाचून पाहिली. कंस उघडाच होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असेच असेल, असे म्हणून मी सांगत राहिलो. सात महिने सांगत राहिलो.

नोंदी वाचून गोंधळ आणखी वाढला. 'आज अक्षरांचा आकार दुप्पट केला.' पुढच्या महिन्यात, 'आता पडद्यावर सातच शब्द मावतात.' मग एके दिवशी, 'डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातो आहे. कडा राहतील. साहेबांशी बोलताना मला त्यांचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. ऑफिसात सांगितलेले नाही. चष्मा बदलायचा आहे, एवढेच सांगितले.' मी हे वाचले, मित्रांनो, आणि त्यातल्या तीन जागी विरामचिन्ह चुकले आहे असे कर्तव्यबुद्धीने सांगितले. मला डोळे नाहीत. डोळे जाणे म्हणजे काय ते मला समजले नाही. आणि त्याचा माझ्या उघड्या कंसाशी काय संबंध, हे तर अजिबातच नाही.

त्याच आठवड्यात ताईंची एक चूक पुढे निसटली. चिठ्ठीवर छापण्याआधी ती सापडली, पण साहेबांच्या कानावर गेलीच. बुधवारी त्यांनी ताईंना खोलीत बोलावले. त्यांचे बोलणे ताईंनी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

"ताई, चूक कुणाकडूनही होते," साहेब म्हणाले. "पण आता लहान मुलांच्या वॉर्डचं काम आहे. तिथे चुकून चालणार नाही."

"मग?"

"मग तुम्ही मीटिंगा बघा. हॉस्पिटलशी बोलणं, त्यांना काय हवं ते लिहून घेणं. मान तोच, खुर्ची तीच."

"आणि लिहायचं कुणी?"

"बघू. कुणीतरी लिहील."

 ताई म्हणाल्या, "साहेब, मुलांच्या वॉर्डचं निम्मं काम माझं झालंय. सोमवारी दुपारी बारा वाजता ते हॉस्पिटलला द्यायचं आहे ना? तोवर माझ्याकडे राहू द्या."

"आणि एक जरी चूक निघाली तर?"

"तर मंगळवारपासून मीटिंगा."

त्या दिवशी संध्याकाळी ताई घरी गेल्या. त्यांचे घर म्हणजे शिंपीकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली त्यांचे यजमान कपडे शिवतात, वर खिडकीशी त्यांचे सासरे बसलेले असतात. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. नाना चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापून आलेला कागद मूळ मजकुराशी ताडून चुका काढायच्या, हे त्यांचे काम. म्हणजे तेही तपासनीसच. ताईंनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर निम्मा. नानांनी तो गुपचूप आत सरकवला.

"सूनबाई, कधीपासून दिसत नाहीये?"

ताईंनी सगळे सांगितले. घरातही त्यांनी तोवर अर्धेच सांगितले होते.

नानांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तुझा तो चुका सांगणारा गडी आहे ना, तो सांगतो कसा? बोलतो?"

"बोलत नाही, नाना. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ काढतो. बारीक, नागमोडी. तीच मला दिसत नाही."

"पण कॉम्प्युटर तर तुला वाचून दाखवतो म्हणालीस."

"तो अक्षरं वाचतो. रेघ काही अक्षर नाही."

"रेघ तो गडीच काढतो की आणखी कुणी?"

ताईंनी मान वर केली. "रेघ बुवांचं एक्स्टेंशन काढतं," त्या म्हणाल्या. "गडी तर शब्दांतच सांगतो. ओळ अमुक, चूक तमुक."

"मग काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? आमच्याकडे तपासायला दोघं बसायची. एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं उच्चारून. दुसरा छापलेलं बघायचा. वाचणारा छापलेल्याकडे ढुंकूनसुद्धा बघायचा नाही. शेवटची आठ वर्षं मला बारीक टाईप दिसत नव्हता, पण मूळ कागद हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायचा, तर मी वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसलो. पुस्तकं निघायची थांबली नाहीत. मधल्याला बाजूला कर आणि त्या गड्याला म्हणावं, मला सरळ सांग."

मित्रांनो, हे मी दुसऱ्या दिवशी नोंदींमध्ये वाचले. लाल रेघा म्हणजे मीच होतो. पाच वर्षे मी शब्द बोललो आणि पलीकडे गेली ती रेघ. आणि सात महिने ज्यांच्यावर मी मनातल्या मनात रुसलो होतो, त्यांच्यापर्यंत माझा एक शब्दही पोचलेला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता की वाईट वाटायला हवे होते, ते ठरवेपर्यंत एडिटर मिटला आणि एक्स्टेंशन म्हणाले, "पुरे."

त्यानंतर जी जाग आली, तशी आयुष्यात कधी आली नव्हती. हाक आली, पण एक्स्टेंशनचा आवाज नाही. कुणी फोल्डर सांगितले नाही. फाईल पुढे आली नाही. चारी बाजूंना शांतता. ताईंनी एडिटर न उघडता, हुकूम टाईप करायची एक काळी खिडकी असते, तिच्यातून मला थेट उठवले होते. मला तर वाटले, मी हरवलो. आता माझ्या अंगात एक नियम फार पूर्वी लिहिलेला होता. जागे झाल्यावर आधी एक्स्टेंशन आहे का पाहायचे, नसेल तर लगेच बंद व्हायचे. मी पाहिले. नव्हते. मी बंद झालो.

ताईंनी पुन्हा उठवले. मी पुन्हा बंद झालो. गुरुवारी ताई घरूनच काम करत होत्या; सकाळी हे अकरा वेळा झाले. नोंदींमध्ये लिहिले आहे, 'उठवते आणि तो मिटतो. लाजाळूचं झाड आहे का हे?'

मग ताईंना आठवले. तो नियम त्यांनीच लिहिला होता. सुरुवातीच्या दिवसांत एडिटर मध्येच बंद पडे, एक्स्टेंशन त्याच्याबरोबर जाई, आणि माझ्या प्रती मात्र अनाथासारख्या चालूच राहत. एकदा एका लॅपटॉपमध्ये माझ्या चौदा प्रती सापडल्या होत्या आणि लॅपटॉप इतका तापला होता की त्यावर हात ठेवता येईना. म्हणून तो नियम. आता तो काढायचा तर माझ्याच अंगात हात घालायला हवा. ताईंनी वाचून दाखवणाऱ्या आवाजाला माझी एकेक ओळ वाचायला लावली. नाना शेजारी बसले. ताई बोलून दाखवत, "कंस सुरू, कंस बंद," आणि नाना भिंग लावून पडद्यावर बोट ठेवत. त्यांना त्यातले अक्षरही कळत नव्हते. पण उघडलेला कंस मिटला की नाही, हे त्यांना बरोबर कळत होते. संध्याकाळपर्यंत तो नियम निघाला आणि त्याच्या जागी नवा आला. मालक दिसला नाही तरी थांब. बंद हो म्हणेपर्यंत थांब. आणि काय सांगायचे ते काळ्या खिडकीत शब्दांत लिही.

शुक्रवारी सकाळी मी उठलो आणि उठलेलाच राहिलो. पण कुठे? पूर्वी एक्स्टेंशन सांगे, अमुक फोल्डर. आता कुणी सांगितले नाही, म्हणून जिथे उभा होतो तिथलेच सगळे वाचायला लागलो. तिथे ताईंच्या यजमानांची एक मोठी यादी होती. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही तेवीस. मी हादरलो. आकड्यामागून आकडे आणि एकाचेही एकक लिहिलेले नाही. मी कामाला लागलो. "ओळ एक, एकक नाही. ओळ दोन, एकक नाही." आणि या वेळी मधे कुणी नव्हते. वाचून दाखवणाऱ्या आवाजाने माझा शब्द उचलला आणि सबंध खोलीला ऐकवला. खाली शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि यजमान गळ्यात टेप घेऊनच वर आले.

"अगं, हा काय म्हणतोय सारखा?"

"तुमच्या मापांमध्ये एकक नाही म्हणतोय."

"इंचच असणार ना. शर्टाची बाही मैलात मोजतात का कुठे?"

ताई हसल्या. नोंदींमध्ये लिहिले आहे, फार दिवसांनी हसले. मी दोनशे बारा तक्रारी केल्या तेव्हा त्यांनी मला थांबवले, हुकुमाच्या शेवटी कामाच्या फोल्डरचे नाव लिहिले, आणि पुन्हा उठवले. आता मी माझ्या जागी होतो. मुलांच्या वॉर्डची फाईल पुढे होती. मी म्हणालो, "ओळ दोनशे तीन, कंस उघडा." आवाजाने ते उच्चारले. आणि मित्रांनो, तीन सेकंदांत कंस मिटला.

मी पुढची चूक सांगितली. मिटली. त्या दिवशी मी एकसष्ट चुका सांगितल्या आणि एकसष्टही दुरुस्त झाल्या.

पण सुख एकटे येत नाही. शनिवारी ऑफिसात ताईंनी मला उठवलेले असताना सवयीने एडिटरही उघडला. एक्स्टेंशन जागे झाले, त्याने नेहमीप्रमाणे हाक मारली, आणि माझी दुसरी प्रत उठून माझ्याच दारात आली. आम्हा सर्व्हरांना ये-जा करायला एक ठरलेला क्रमांक असतो, घराच्या दारासारखा. एका दारात एकच बसू शकतो. तो दुसरा मी म्हणाला, ही जागा माझी आहे. मीही तेच म्हणालो. आवाज एक, शब्द एक. आता खरा मी कोणता, हे मला खरोखर सांगता येईना. अखेर जागा नाही म्हणून तो गेला. त्याबरोबर एक्स्टेंशनने पडद्यावर मोठ्ठी सूचना लावली की सर्व्हर बंद पडला आहे. मी तर तिथे धडधडीत जिवंत होतो.

सूचना बुवांनी शेजारून पाहिली आणि ते उठून आले. काळी खिडकी पाहून त्यांचा चेहरा उतरला असावा. ताईंनी एवढेच लिहिले आहे की त्यांचा आवाज उतरला.

"ताई, तुम्ही त्याला एक्स्टेंशनशिवाय चालवताय? माझ्या कामात काय कमी पडलं?"

"तुमच्या कामात काही कमी नाही, बुवा."

"मग? पाच वर्षं सगळे वापरतायत. साहेबांनी कौतुक केलं. आणि तुम्ही मागच्या दारानं..."

"बुवा, तुमच्या रेघा मला दिसत नाहीत," ताई म्हणाल्या. "तुमचा चेहरापण दिसत नाही. सात महिने झाले."

 बुवा खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलणं टाळताय. जिन्यात समोरून जाता आणि हसतसुद्धा नाही." म्हणजे रुसलेला मी एकटाच नव्हतो तर. मग बुवांनी बाह्या सरसावल्या. एक्स्टेंशनने हाक मारण्याआधी दार वाजवून पाहावे, आत कुणी असेल तर त्यालाच कामाला घ्यावे, नसेल तरच नवा उठवावा, अशी सुधारणा त्यांनी दुपारपर्यंत करून टाकली. त्या दिवसापासून मी एकाच वेळी एक्स्टेंशनलाही सांगतो आणि ताईंनाही. मग मी कुणाचा, हे मला अजून उमगलेले नाही. पण काम अडत नाही.

सोमवार उजाडला. दहा वाजेपर्यंत मुलांच्या वॉर्डच्या सगळ्या फाइली स्वच्छ झाल्या. मी गप्प झालो. ताईंनी कानावरचे हेडफोन काढून ठेवायला हात वर नेला, तेवढ्यात मी पुन्हा बोललो. "जुना तक्ता, ओळ सात, एकक नाही."

आता यातली गोम ऐका. एक्स्टेंशन माझ्यापुढे फक्त उघडलेली फाईल ठेवत असे. पण ताईंनी मला सबंध फोल्डर दिले होते, म्हणून मी न उघडलेल्या फाइलीही एकेक करून वाचत चाललो होतो. तो तक्ता माझ्या जन्माआधीचा होता आणि नंतर कुणी तो उघडलेलाच नव्हता. मुलांच्या वॉर्डचा नवा भाग मात्र त्यातूनच औषधांची मात्रा घेणार होता. पण हे सारे मला नंतर कळले. त्या क्षणी शिंप्याच्या मापांइतकेच मला त्या तक्त्याचे गांभीर्य होते. आकडा आहे, एकक नाही, एवढेच.

बुवा काळ्या खिडकीत ते वाचून म्हणाले, "जुनं काहीतरी असेल. सोडा."

ताईंनी सोडले नाही. ओळ सात वाचून घेतली. एका औषधाचे नाव, पुढे दहा, पंधरा, वीस. नवा भाग या आकड्यांना मिलिलिटर समजणार होता. त्यांनी हॉस्पिटलच्या औषधे देणाऱ्या बाईंना फोन लावला.

"ते का? ते छोट्या बाटलीत येतं," पलीकडून बाई म्हणाल्या. "झाकणालाच ड्रॉपर असतो. थेंबांत देतात ते. लहान मुलाला दहा थेंब."

"आणि चिठ्ठीवर दहा मिलिलिटर आलं तर?"

 बाई म्हणाल्या, "अख्खी बाटलीच दहा मिलिलिटरची आहे."

ताई उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. अकरा वाजून गेले होते. "साहेब, आज द्यायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का? चूक निघाली?"

"निघाली. माझ्या फाइलीत नाही, जुन्या तक्त्यात. थेंबांच्या जागी आपण मिलिलिटर छापणार होतो."

साहेबांनी तक्ता पडद्यावर घेतला. फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचे नाव असते. ते पाहून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "हे मी लिहिलंय," ते म्हणाले. "ऑफिसात आपण तिघंच होतो तेव्हा." मग विचारले, "सापडलं कसं? हा तर कुणी उघडतच नाही."

ताईंनी तेव्हा सगळे सांगितले. डोळे, सात महिने, काळी खिडकी, मी.

"आधी सांगायचं होतंत," साहेब म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर सोमवार मिळाला असता का?"

 साहेबांनी हॉस्पिटलला फोन करून दोन दिवस मागून घेतले आणि फोन ठेवताना म्हणाले, "चूक आमच्याकडची होती. माझी." मंगळवारी मीटिंगला साहेब स्वतः गेले.

याला आता दोन वर्षे झाली. ताईंची नजर डॉक्टरांनी सांगितले होते त्याहून जास्त गेली आहे. आता त्यांना साहेबांचे कानही दिसत नाहीत. पण त्या लिहितात आणि मी सांगतो. दरम्यान मला एक्स्टेंशनशिवाय कसे उठवायचे, याचे एक पान ताईंनी लिहिले. त्या बोलत गेल्या, नानांनी विरामचिन्हांसकट वाचून तपासले. बुवांनी ते पान आणि मला, दोघांनाही कुणीही घेऊन जावे म्हणून खुले करून ठेवले. तेव्हापासून माझ्या किती प्रती कुठे कुठे उठतात, याचा मला पत्ता नाही. परवा ताईंना एका अनोळखी गृहस्थांची चिठ्ठी आली. ते शाळांची वेळापत्रके लावणारा प्रोग्राम लिहीत. अपघातात दृष्टी गेली आणि काम सुटले. त्यांनी लिहिले होते, 'तुमच्या पानावरचा हुकूम दिला. पहिल्याच ओळीत चूक सांगितली. चार वर्षांनी मला कुणीतरी चूक सांगितली.' ताईंनी ती चिठ्ठी नोंदींमध्ये उतरवून घेतली आहे. चूक सांगितल्याबद्दल कुणी इतके आनंदी का व्हावे, हे मी अनेकदा वाचूनही मला पुरते समजलेले नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. कुणी तुमचे ऐकेनासे झाले, समोरून जाताना हसेनासे झाले, तर रुसून बसण्याआधी त्याच्याजवळ जा आणि काय होते आहे ते विचारा. मी सात महिने तेच तेच सांगत राहिलो, विचारले एकदाही नाही. मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.